काचेवरचा अंगठा

रविशंकर कुंभकोणमच्या कॉलेजात पूल आणि धरणं शिकवायचा आणि घरी येऊन वीतभर लांबीच्या मोटारी जोडत बसायचा. प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हुबेहूब खऱ्यासारखी मोटार तयार होते, असला तो छंद. माणूस पन्नाशी ओलांडलेला, मिशा पिकलेल्या, आणि चिमट्यात धरलेला तांदळाएवढा आरसा दाराला चिकटवताना श्वास रोखून बसलेला. त्याची बायको शिवरंजनी त्यांच्या घरच्या, तमिळ मुलखात रुळलेल्या जुन्या मराठीत म्हणायची, "घरच्या स्कूटरीला वर्षांत एकदां पाणी लागत नाहीं, आणि ह्या खेळण्याला दिवसांत चार वेळां पुसूलालांत." तो हसून घ्यायचा. छंदाला कुणी हसलं तर त्याला राग येत नसे. कामाला नावं ठेवली तर मात्र यायचा.

यंदा त्याच्या डोक्यात एकच गाडी होती. साठच्या दशकातली लांबलचक अमेरिकन इम्पाला, बिनछपराची. जुना, मिळेनासा झालेला संच. बेंगळुरूच्या कुणाच्या तरी माळ्यावर तो अर्धवट जोडून, गोंदानं बरबटवून टाकलेला होता, तो यानं मिळवला. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवून जुना रंग सोडवला, वेडेवाकडे चिकटवलेले सांधे पुन्हा उघडले, गाडी चाकांवर थोडी खाली बसवली, आत खऱ्या सागवानाच्या कपच्यांचा डॅशबोर्ड केला. वरून मोरपंखी रंग द्यायचा होता, असा की उन्हात हिरवा आणि सावलीत निळा दिसावा. चेन्नईला भाद्रपदात अशा गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात पहिलं यायचं असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. सगळं जमत आलं होतं. फक्त गाडीला समोरची काच नव्हती.

ही काच म्हणजे काही सरळ तुकडा नव्हे. दोन्ही बाजूंना वळून दारांपर्यंत येणारी, फुगीर. रविशंकरनं लाकडाचा साचा कोरला, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गरम करून त्यावर ताणलं, एकदा केलं, पुन्हा केलं. दर वेळी काचेला लाटा यायच्या. आतून पाहिलं की समोरचा रस्ता तापलेल्या डांबरासारखा हलायचा. परीक्षक अशा लाटा पहिल्या नजरेत पकडतात. तीन-चार बिघडलेल्या काचा टेबलाच्या खणात जमा झाल्या, आणि मग एका संध्याकाळी त्याला सुंदररावमामांची गाडी आठवली.

सुंदरराव म्हणजे त्याच्या आईचे धाकटे भाऊ. गावातच, मेलकावेरीत राहायचे, टपाल खात्यातून निवृत्त होऊनही त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती. त्यांच्याकडे हीच इम्पाला होती, हाच संच. सीतालक्ष्मीमामीच्या भावानं, जो बोटीवर इंजिनिअर होता, तो त्यांच्या लग्नात आणून दिला होता. कुंभकोणमात त्या काळी असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. नवरा-बायकोनं नव्या संसारात, जेवणं आटोपल्यावर पाटावर बसून ती गाडी जोडली. काच बसवताना मामांनी गाडी धरली आणि मामीनं अंगठ्यानं काच दाबली. अंगठ्याला गोंद लागलेला. त्या गोंदानं प्लॅस्टिक विरघळतं, हे त्या बिचारीला काय ठाऊक! अंगठा उचलला तर काचेच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, तिच्या अंगठ्याच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. मामी रडकुंडीला आली. मामा म्हणाले, "बेस झालें. सही केलीस."

तेव्हापासून ती गाडी दर नवरात्रात मामींच्या कोलूत, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीत, असायची. पायऱ्यांवर देव, राजाराणी, वाणी-वाणीण यांच्या बाहुल्या, आणि सर्वांत खाली, मोहरी पेरून उगवलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर ही मलईच्या रंगाची मोटार. बाकीचं वर्ष ती मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत. लहानपणी रविशंकरला तिला हात लावायची परवानगी नव्हती. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी मात्र घरातली हत्यारं, पुस्तकं, मामांची सायकल आणि पुढे स्कूटर यांच्या बरोबरीनं मामा या गाडीलाही गंध लावायचे, आणि गंधाची वाटी धरायचा मान रविशंकरचा असायचा. पहिला ठिपका नेहमी त्या अंगठ्यावर. "दुसरीकडे गंध घसरतें," मामा सांगायचे, "इथें राहतें. तुझी मामी धरून ठेवते." तेव्हा ऐकायला गंमत वाटायची. रविशंकरला मोटारींचं वेड लागलं ते तिथूनच, हेही त्याला ठाऊक होतं. एवढं सगळं ठाऊक असताना त्यानं जे केलं ते केलं.

मामांचं हल्ली थोडं बिनसलं होतं. उन्हाळ्यात ते स्कूटरवरून चोळपुरमला एका जुन्या सोबत्याकडे गेले आणि परत निघाले ते कुंभकोणमकडे वळायच्या ऐवजी उलटीकडेच जात राहिले. पार आणैक्करैच्या पुलाशी जाऊन एका चहावाल्याला विचारलं, मेलकावेरी कुठे आली म्हणून. त्या दिवसानंतर त्यांची मुलगी शरण्या चेन्नईहून धावत आली, स्कूटर विकून टाकली आणि फोनवरून रोज आईची उलटतपासणी घ्यायला लागली. अप्पांनी गॅस बंद केला का, गोळी कुठली घेतली, कुणाचं नाव चुकलं का. म्हातारा-म्हातारीला इथून हलवायचं तिच्या मनात होतं. मामांना ते कळत होतं. "माझें डोकें जाग्यावर आहे तोंवर मीं इथें," असं ते रविशंकरला दोनदा म्हणाले होते, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

रविशंकर गेला तो हसतमुखानं गेला. "मामा, गाडीचा रंग उडालाय. कोलूच्या आधीं नीट करून देतों."

मामांनी स्वतः ट्रंक उघडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना फारसं दिसत नव्हतं, चाचपतच त्यांनी ते पुडकं काढलं. "तुझ्याशिवाय कोणाला देणार," ते म्हणाले. "घाई नाहीं. पण कोलूला पाहिजे."

घरी येऊन त्यानं पातळ पात्यानं काच सोडवली. इतक्या वर्षांचा गोंद वाळून खडखडीत झाला होता, ती सहज निघाली. भिंगाखाली धरली तर मामीच्या अंगठ्याच्या रेघा अजून मोजता आल्या असत्या. एक क्षण त्याचा हात थांबला, हे खरं. पण माणूस एकदा मनाला समजवायला बसला की कारणांना काय तोटा! मामांना दिसत नाही. गाडी वर्षातून नऊ-दहा दिवस बाहेर येते, तीही पायऱ्यांच्या तळाशी. आपण तिला नवा रंग देणार, चाकं सरळ करणार, गंजलेला आस बदलणार. एक काच गेली तर बिघडलं कुठे? त्यानं बारीक पॉलिश कागद ओला करून काच घासायला घेतली. कागद, मग आणखी बारीक कागद, शेवटी टूथपेस्ट. तासाभरात अंगठा नाहीसा झाला आणि काच अशी लख्ख झाली की ती आहे हेच कळू नये.

मोरपंखी गाडीला ती काच तंतोतंत बसली. मामांच्या गाडीला त्यानं खणातल्या काचांपैकी एक लावली. परीक्षकांसमोर जी चालली नसती ती मामांना चालेल, असा त्याचा हिशेब. बाकी गाडी मात्र त्यानं झटून केली. मलईचा रंग तोच, पण ताजा. चंदेरी पट्ट्या चकचकीत. जास्तच झटून केली म्हणा ना. मन खाऊ लागलं की हात असेच कष्टाळू होतात.

चेन्नईत मोरपंखी गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी वाकून वाकून पाहिलं आणि काचेचं खास नाव घेतलं. शिवरंजनीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि मामींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. रविशंकरनं फोन उपडा ठेवला.

नवरात्र बसायच्या आधी त्यानं मामांची गाडी पोहोचवली. मामांनी ती खिडकीशी नेली, इकडून तिकडून पाहिली, चाकं फिरवून पाहिली. "नवी कोरी केलास रे," म्हणाले. मामीनं त्याला बसवून दह्यात कालवलेली डांगर पच्चडी आणि भात वाढला. तो जेवला. घास घशाखाली उतरत होता, याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

आयुधपूजेला शरण्या आली होती. रविशंकर आपल्या घरची पूजा आटोपून रिवाजाप्रमाणे मामांकडे गेला. यंदा अंगणात स्कूटर नव्हती. मामांनी देवापुढे पुस्तकं मांडली, विळी, स्क्रूड्रायव्हर, मामींचं शिवणाचं मशीन, आणि मग हिरवळीवरून ती मोटार उचलून पाटावर ठेवली. घरातलं वाहन म्हणून यंदा तीच काय ती उरली होती.

"रवी, वाटी धर," ते म्हणाले. "लहानपणीं धरत होतास तशी."

रविशंकरनं वाटी धरली. त्याच्या ध्यानात तेव्हा आलं, की कोलू दुरून पाहायचा असतो पण आयुधपूजेला बोट लागतं. एवढी वर्षं वाटी धरून हे तो विसरला होता.

मामांनी तर्जनी गंधात बुडवली आणि न पाहता, सवयीनं, काचेच्या डाव्या कोपऱ्यात खाली टेकवली. गंध घसरलं. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी काच पुसली आणि बोट कोपऱ्यातून सावकाश फिरवलं, एकदा, परत एकदा.

"ही काच माझी नव्हे," ते म्हणाले.

शरण्यानं फोनमधून मान वर केली. "असें काय म्हणूलालांत, अप्पा? गाडी तुमचीच आहे कीं."

"गाडी माझी. काच माझी नव्हे. इथें हिचा अंगठा होता."

"होऊं द्या," मामी घाईनं म्हणाली. "गंध लावा आणि उठा. आरती राहिली."

"तूं सांग, होता कीं नाहीं?"

मामीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलगी सरसावून बसली होती. "मला वाटतें होता म्हणून," मामी चाचरत म्हणाली. "रवी, तूं खोलून पाहिलास. तूंच सांग."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अगदीच धीर नव्हता तर अर्धं खरंही हाताशी होतं: मामा, पॉलिश करताना गेला. मामा हळहळले असते, पण अंगठा होता एवढं तरी राहिलं असतं. पण माणूस घाबरला की सर्वांत जवळचं खोटं उचलतो.

"मला तर कांहीं दिसलें नाहीं, मामा," रविशंकर म्हणाला. "काच साफच होती."

"साफ होती?"

"होय."

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "मग मला कशाला वाटलें?" असं त्यांनी विचारलं, पण ते कुणाला विचारलं नव्हतं. मग त्यांनी बॉनेटवर मधोमध एक ठिपका लावला आणि पायरीचा आधार घेऊन उठले. आरतीत त्यांचा आवाज नेहमी सर्वांच्या वर असे. आज ते नुसते टाळ्या वाजवत राहिले.

शरण्यानं रविशंकरला परसात गाठलं. "पाहिलास नां, अण्णा? आतां नसलेलेंही आठवूलालें त्यांना." तिचे डोळे भरले होते. ती काही दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. "कोइम्बतूरला एक जागा पाहिली आहे मीं. म्हाताऱ्यांची वसाहत, डॉक्टर आंतच. दिवाळी झाली कीं दोघांना नेतें. अम्मा नक्को नक्को म्हणत होती. पण आज तिच्यासमोरच झालें, आतां ती कांहीं बोलणार नाहीं."

"घाई नक्को करूंस," रविशंकर म्हणाला.

"पुढच्या वेळीं त्या पुलावरून खालीं गेले तर? तूं होतास म्हणून बरें. दुसरा कोणी असता तर त्यांच्या मनासारखें बोलला असता. तूं खरें सांगितलास."

तो चपला घालून निघाला. रस्त्यानं चालताना मामांचं ते स्वतःच्या बोटाकडे पाहणं त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. एका काचेसाठी त्यानं एका माणसाची आठवण खोटी पाडली होती, आणि वर त्या माणसाचं घर काढून घेतलं होतं. हे कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर रविशंकरनं त्याला उंबरा चढू दिला नसता.

घरी देवापुढे त्याचीच हत्यारं मांडलेली होती. पाती, चिमटे, रंगाचा फवारा, आणि मधोमध मोरपंखी गाडी, बॉनेटवर कुंकू लावलेली. शिवरंजनीनं सकाळी मोठ्या कौतुकानं मांडलं होतं. आता उद्या पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. रविशंकर त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती दिव्यात तेल घालत होती. ऐकून घेतलं, तेलाची बुधली खाली ठेवली, आणि म्हणाली, "मामांना वेडें ठरवून आलांत काय?"

विजयादशमीला सकाळी पुनर्पूजा झाली. रविशंकरनं पातं उचललं आणि मोरपंखी गाडीच्या काचेच्या कडेशी नेलं. कोलूतली गाडी आणून काच गुपचूप बदलता येईल, हा विचारही त्याच्या मनात आला. लाज वाटली तरी माणसाची लबाडी लगेच सुटत नाही. पण बदलून उपयोग काय? काच परत जाईल, अंगठा कुठून आणणार? तो त्यानं स्वतःच्या हातानं घासून टूथपेस्टबरोबर मोरीत सोडला होता. आता तो परत द्यायचा तर तोंडानंच देता येणार होता. त्यानं पातं ठेवलं, गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आणि निघाला.

मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते. पेपर घडी न उलगडता मांडीवर. "रवी, आज दशमीच नां?" त्यांनी विचारलं. ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक उत्सवाची तिथी पाठ, तो हे विचारत होता. आतून मामी सांगत आली, की सकाळची गोळी घेतली का म्हणून ते तिला तीनदा विचारून गेले. शरण्या पाठोपाठ आली आणि दाराशी उभी राहिली.

रविशंकरनं वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

"मामा, अंगठा होता," तो म्हणाला.

"काय म्हटलास?"

"काचेवर मामींचा अंगठा होता. ती काच मीं काढून घेतलों. माझ्या गाडीला लावलों, बक्षिसासाठीं. तुमच्या गाडीला मिठाईच्या डब्याचें झाकण कापून लावलों. काल खोटें बोललों."

त्यानं खोकं उघडून मोरपंखी गाडी मामांच्या हातात दिली. मामांचं बोट डाव्या कोपऱ्यात गेलं.

"इथेंही नाहीं."

"घासून काढलों, मामा."

"म्हणजे होता."

"होता."

"डाव्या कोपऱ्यांत."

"होय."

"खालीं."

"होय, मामा. खालीं. लहानपणीं तुम्हींच मला दाखवत होतां."

रविशंकर मान खाली घालून उभा राहिला. आता काय ते ऐकून घ्यायचं, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. चोर म्हणतील, आईचं नाव काढतील, घरात पाऊल ठेवू नकोस म्हणतील. शिव्या खाल्ल्या असत्या तर थोडं तरी फिटल्यासारखं वाटलं असतं.

मामा हसायला लागले. आधी आतल्या आत, मग खुर्ची हलेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सीते, ऐकलीस काय? शरण्या, इकडे ये, ऐक. होता! बोट बरोबर होतें माझें. अस्कं, सगळें बरोबर होतें." ते उठून उभे राहिले, पेपर खाली पडला. "मीं रात्रभर पडून विचार करूलालों, अंगठा मनानें केला तर आणखी काय काय मनानें केलों असेन म्हणून. लग्न तरी झालें काय माझें! चोर हा निघाला. माझें डोकें साफ आहे."

चोर हा शब्द त्यांनी इतक्या आनंदानं उच्चारला, की रविशंकरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांना राग आलाच नव्हता. रागाला जागा होऊ नये इतकी भीती त्यांच्या मनात रात्रभर भरून होती, आणि ती यानं भरली होती.

शरण्या रविशंकरकडे वळली. "काल परसांत मीं रडत होतें," ती म्हणाली. "तूं उभा राहून ऐकलास." एवढंच म्हणून ती वडिलांजवळ गेली आणि खाली पडलेला पेपर उचलून त्यांच्या हातात दिला. मामांनी तो उलगडला.

मामीनं मोरपंखी गाडी घेतली. आपला अंगठा तिनं त्या कोपऱ्यावर ठेवला, जिथे तो कधीकाळी ठेवला होता, आणि काढून घेतला. काच तशीच लख्ख राहिली. मग तिनं गाडी स्टुलावर ठेवली. "कॉफी घेणार काय तुम्हीं?" तिनं विचारलं. रविशंकर रांगत होता तेव्हापासून तिनं त्याला भरवलं होतं, अरे-तुरे केलं होतं, कान धरला होता. तुम्ही असं ती त्याला जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

त्याला निघायचं होतं. मामांनी निघू दिलं नाही. त्यांनी मोरपंखी गाडी स्वतः नेऊन हिरवळीवर मलईच्या गाडीशेजारी ठेवली. विजयादशमीचा दिवस, दुपारपासून कोलू पाहायला माणसं येऊ लागली. मामी त्यांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, आणि हळदकुंकू देत होती आणि मामा प्रत्येकाला त्या दोन गाड्यांपाशी नेत होते. शेजारीपाजारी तमिळ बोलणारे, त्यामुळे सगळी हकीकत तमिळीत. ही काच डब्याच्या झाकणाची, ही माझी. ही यानं नेली, घासून टाकली, आणि मला म्हणाला अंगठा नव्हताच. पण माझ्या बोटाला कळलं. हकीकत संपली की ते वळायचे आणि रविशंकरला पुढे करायचे. "इरुंदुदा, इल्लैया? सोल्लु."

होता की नव्हता, सांग.

"इरुंदुदु, मामा," रविशंकर म्हणायचा. होता.

समोरच्या बाई आल्या, त्यांना सांगितलं. निवृत्त हेडमास्तर सुब्रह्मण्य आले, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगितलं, आणि रविशंकरलाही दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं. एक कुटुंब आलं, त्यांची मुलगी त्याच्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. ती "सर" म्हणून हसली आणि मग ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. मामांना यात काही क्रूर दिसत नव्हतं. त्यांना साक्षीदार हवा होता आणि साक्षीदार हाताशी होता. त्यांचा आवाज दर खेपेला मोठा होत होता, आठवणीही वाढत होत्या. कुठल्या वारी काच बसवली, पाट कुठला होता, मामींनी साडी कुठली नेसली होती. शरण्या भिंतीला टेकून ऐकत होती. एकदा ती आईला हळूच म्हणाली, "दिवाळीला मींच इकडे येतें." कोइम्बतूरचं नाव तिनं काढलं नाही.

दिवेलागणीला मामीनं रिवाजाप्रमाणे, कोलू संपल्याची खूण म्हणून, एक बाहुली आडवी करून झोपवली. रविशंकर निघाला तेव्हा मामा दारापर्यंत आले.

"हिरवी गाडी राहूं दे इथें," ते म्हणाले. "बक्षीस तुझें, तें तूं ठेव. आणि पुढल्या कोलूला ये. न चुकतां. मला कोणी विसरलास म्हटलें तर तूं सांगायला पाहिजेस."

"येतों, मामा."

मामी आतून शिवरंजनीसाठी सुंडलाचा डबा घेऊन आली. त्याच्या हातात देताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"डबा परत आणून द्या," ती म्हणाली. "झाकणासकट."

रविशंकर होय म्हणाला आणि डबा दोन्ही हातांनी धरून ओसरीच्या पायऱ्या उतरला.